गेणूनं लावलेलं जंगल

एका गावात एक भोळा गेणू होता. बाकी सगळं गाव शहाणं होतं.

गावामागचा माळ उघडाबोडका. पाऊस पडला की पाणी सरळ ओढ्याला पळायचं. होळीच्या आधीच विहिरी तळाला जायच्या आणि बायका कोसभर लांबून हंडे आणायच्या. माळावर जंगल उभं करावं, यावर शहाण्यांनी तीन वर्षं बैठका घेतल्या. ठराव खूप झाले. खड्डा एकही झाला नाही. मग सरपंच शेवंताबाईंनी गेणूच्या हाती कुदळ दिली. चारशे रोपंही आणली. ती जगली, तर तालुक्याचा साहेब आणखी दहा हजार रोपं देणार होता.

"एक खड्डा, एक रोप," शेवंताबाई म्हणाल्या. "जमंल का?"

"न जमायला काय झालं, आक्का?"

गेणूनं खड्डे खणले. रोपं लावली. प्लॅस्टिकच्या पिशवीसकट.

शेवंताबाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, मुळांनी वाढायचं कुठं? रोपाभोवती जे गुंडाळलेलं असंल, ते काढून टाकायचं."

गेणूनं सगळी रोपं पुन्हा नीट लावली. आठवड्यानं बायकांनी खपून प्रत्येक रोपाला काटेरी फांद्यांचं कुंपण गुंडाळलं. गेणूनं ते सगळं काढून टाकलं. दुपारी शेळ्या आल्या आणि चाळीस रोपं खाऊन गेल्या.

"तू बघत काय बसलास?" शेवंताबाईंनी विचारलं.

"त्या जेवत होत्या, आक्का. जेवणाऱ्याला उठवू नये."

"अरे, शेळी दिसली की काठी घेऊन हाकलायचं."

"शेळी ओळखायची कशी?" गेणूला आता चूक करायची नव्हती.

बाईंचा संयम संपत आला होता. "चार पायांवर असती. दाढी असती. पाला तोडती."

दिवाळी झाल्यावर तालुक्याचा साहेब पाहणीला आला. साहेबाला दाढी होती. रोप नीट बघावं म्हणून तो गुडघे आणि हात टेकून वाकला आणि त्यानं एक पान तोडलं. गेणूनं त्याला ओढ्यापलीकडं नेऊन सोडलं.

शेवंताबाई तालुक्याला जाऊन माफी मागून आल्या. साहेब पुन्हा यायला तयार झाला, पण माळ चढायला मात्र तयार नव्हता. बाईंनी गेणूला समोर बसवलं.

"मोठ्या माणसाला तसदी द्यायची नाही. त्याला जे बघायचं असंल, ते आपण त्याच्यापुढं ठेवायचं. कळलं?"

"कळलं, आक्का."

गुरुवारी साहेब आला. ग्रामपंचायतीसमोर खुर्चीत बसला. समोर अंगणात तीनशे साठ रोपं दहा-दहाच्या रांगेत आडवी ठेवली होती. मुळं धुऊन स्वच्छ केलेली. गेणू हात जोडून उभा.

साहेबानं चहा पीत पीत रोपं मोजली. "पानं हिरवी आहेत. मुळंही छान धरलीत. इतक्या वर्षांत मुळं मला कुणीच दाखवली नव्हती." त्यानं कागदावर 'लागवड यशस्वी' असं लिहिलं, शिक्का मारला आणि गेला.

शेवंताबाई पायरीवर खाली बसल्या.

"गेणू, आता माळावर काय राहिलं रे?"

गेणूनं मान खाली घातली. "खड्डे राहिले, आक्का. लई ओढून बघितलं, पण ते काय निघंनात."