उरलेल्या सदतीस शिफारशी

"आणि उरलेल्या सदतीस शिफारशींचं काय, अप्पा?"

ऋजुताने जीआरचे दोन कागद अप्पांच्या पुढ्यात आदळले.

अप्पा वाल सोलत बसले होते. आश्रमशाळेतली मास्तरकी संपल्यावर त्यांनी या वीटभट्ट्यांच्या कडेला झोपडी बांधली, त्याला वीस वर्षं होऊन गेली. लोकांचे अर्ज लिहून द्यायचे आणि जास्त बोलायचं नाही, एवढाच त्यांचा शिरस्ता. ऋजुता त्यांच्यापाशी शिकायला आली होती. मोठ्या संस्थेत शिकलेली, चांगली नोकरी सोडून आलेली. हे ती स्वतः विसरत नसे आणि दुसऱ्यालाही विसरू देत नसे.

अप्पांनी कागदांकडे पाहिलं. एक शेंग उचलली.

ऋजुताचा पारा आणखी चढला. चढायलाच हवा होता. दिवाळी झाली की डोंगरातली आदिवासी कुटुंबं भट्ट्यांवर येतात, ती पाऊस तोंडावर आला की परततात. पोरांची नावं मात्र गावच्या अंगणवाडीत. आहार गावात शिजणार आणि खाणारं पोर इथे मातीत. नियमच तसा होता, नाव जिथे घास तिथे. तो बदलावा म्हणून ती अडीच वर्षं झिजली होती. चौदा भट्ट्या पालथ्या घातल्या, सहाशे मुलांची वजनं घेतली, अडतीस शिफारशींचा अहवाल लिहिला. तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. शेवटी सरकारी समितीने तिला बोलायला दहा मिनिटं दिली.

निघताना अप्पा म्हणाले होते, बारकीला बरोबर घेऊ. बारकी हिलम ही भट्टीवर विटांच्या मातीचा गारा तुडवणारी बाई. ऋजुताने हरकत घेतली नाही. बसेल शेजारी, तिला वाटलं.

बैठकीत समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "हं, बोला." ऋजुताने अहवाल उघडला. तेवढ्यात अप्पांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला उठवलं आणि तिच्या जागी बारकीला बसवलं.

बारकी बसली. आणि गप्प राहिली.

एक मिनिट... दोन मिनिटं...

मागे उभ्या ऋजुताने खाकरून तिला खूण केली. अप्पांनी ऋजुताचं मनगट धरलं. अध्यक्षबाईंनी घड्याळ पाहिलं, समोरचे कागद चाळले, मग चष्मा काढला. आणि त्यांनी स्वतःहून विचारलं,

"तुमच्या भट्टीवर अंगणवाडी उघडली, तर पोरांना पाठवाल?"

"नाय," बारकी म्हणाली.

ऋजुताने डोळे मिटून घेतले. अडीच वर्षांवर एका शब्दात पाणी.

"का?"

"ती दहाला उघडल. आमी पहाटं चारला गाऱ्यात उतरतो, दहाला खोपीत येतो. दहाला पोरां आमच्याजवळच असतात. पहाटं त्यांना कोण बघल?"

"मग पहाटे कुठे असतात ती?"

"गाऱ्याच्या खड्ड्याच्या काठाला निजवतो." बारकीने पदर सावरला. "औंदा माझी धाकटी आत गेली. काढली मी तिला. शेजारणीची नाय निघाली."

अध्यक्षबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. दहा मिनिटं संपली.

चार महिन्यांनी आज जीआर आला होता. त्यात दोनच गोष्टी होत्या. मूल जिथे सापडेल तिथे त्याचं नाव लागेल आणि तिथेच त्याला आहार मिळेल. आणि भट्टीवरची अंगणवाडी पहाटे चारला उघडेल.

पहिली गोष्ट अडतिसांतली होती. दुसरी अहवालात कुठेच नव्हती.

"एकशे दहा पानं, अप्पा," ऋजुता म्हणाली. "कुणी वाचलीसुद्धा नाहीत."

"मी वाचली," अप्पा म्हणाले.

"मग त्यात पहाटेचं नाही, हे तेव्हाच सांगायचं होतं."

"मलाही ठाऊक नव्हतं."

वीस वर्षं इथे राहून? पण राग अजून उतरला नव्हता. तिने पिशवीतून आणखी एक पत्र काढलं. पुढच्या महिन्यात समिती पुन्हा बसणार होती, या वेळी भट्टीवरच्या कुटुंबांच्या रेशनसाठी. भट्ट्यांच्या वतीने एकाच व्यक्तीला बोलावलं होतं. नाव कळवायचं होतं, आणि ऋजुताने रकान्यात आपलं नाव लिहिलेलंही होतं.

"या वेळी तुम्ही येऊ नका," ती म्हणाली. "रागावू नका, पण नकाच येऊ. बारकीबाईंच्या तोंडून नशिबाने बरोबर तेच निघालं. दर वेळी निघेल का? रेशनचा कायदा त्यांना ठाऊक आहे? मला तोंडपाठ आहे. त्या खोलीचं दार मी उघडलंय. उन्हातान्हात खेटे मी घातलेत, शिपायापासून सचिवापर्यंत सगळ्यांची बोलणी मी खाल्लीत. आणि जीआरमध्ये माझ्या नावाची एक ओळ नाही..."

तिचा आवाज फुटला. तिला स्वतःचाच संताप आला.

अप्पांनी वालाचं सूप बाजूला सारलं. पत्र हातात घेऊन नीट वाचलं. ऋजुताच्या नावावर त्यांचं बोट जरा वेळ थांबलं.

"मग सांगा ना," ती म्हणाली. "ही अडीच वर्षं मी केलं तरी काय?"

अप्पांनी पत्र घडी करून तिच्या हातात ठेवलं.

"जागा धरून ठेवलीस," ते म्हणाले. "आता ऊठ."