दारात अंथरलेलं निशाण

फार जुनी गोष्ट. डोंगराळ मुलखात एक राजा होता. शेजारच्या राज्याशी त्याची मोठी लढाई झाली आणि तो जिंकला. शत्रूचं निशाण त्याच्या हाती लागलं. काळं कापड, त्यावर पिवळ्या रेशमानं काढलेला बैल.

राजानं ते दरबाराच्या दारात अंथरायला लावलं. "येणाऱ्यानं यावर पाय देऊनच आत यावं," असा त्यानं हुकूम काढला. लोक पाय पुसत, हसत आत जाऊ लागले.

लढाईत राजाचा निशाणदार मेला होता. त्याची बायको साळू हिला मानाचं वस्त्र द्यायचं ठरलं. ती दरबारात आली, पण दारातच थांबली.

"ये ना आत," राजा म्हणाला. "याच लोकांनी तुझा नवरा मारला. दे त्यावर पाय."

"नाही देणार," साळू म्हणाली.

"अगं, साधं फडकं आहे ते."

"फडकं असतं तर तुम्ही ते दारात अंथरलंच नसतं." तिनं छताकडे बोट केलं. "महाराज, माझा नवरा पडला तेव्हा आपलं निशाण त्यांच्या हाती गेलं होतं. त्यांनी ते ठेवून घेतलं नाही. त्याच्या अंगावर घातलं आणि प्रेत नदीपार आणून दिलं. तुमच्या छतावर आज फडकतंय ते त्यांनी परत दिलेलं निशाण आहे. आणि तुम्ही त्यांच्या निशाणाला चिखल पुसता?"

प्रधानानं मान खाली घातली. राजा मात्र संतापला.

"बाईला बाहेर काढा. वस्त्र मिळणार नाही."

"ठेवा तुमच्याकडेच," साळू म्हणाली आणि निघून गेली.

त्याच वेळी दाराशी एक वकील उभा होता. शत्रूचा एकच गड उरला होता आणि त्याच्या किल्लेदारानं त्याला बोलणी करायला पाठवलं होतं. त्यानं खाली अंथरलेलं निशाण पाहिलं.

"गडावरचं पाणी आटलंय," तो सगळ्यांच्या देखत म्हणाला. "आज निशाण उतरवून गड तुमच्या हवाली करायचा होता. आता आम्ही ते उतरवणार नाही." आणि तो आल्या पावली परत गेला.

राजानं गडावर चाल केली. तहानेनं अर्धमेली झालेली माणसं दगड, काठ्या, हाती लागेल ते घेऊन लढली. एकानंही शस्त्र टाकलं नाही. गड पडला तेव्हा राजाची अर्धी फौज उतारावर मरून पडली होती. त्यात त्याचा धाकटा भाऊही होता.

परतल्यावर राजानं मेलेल्या शिपायांच्या बायकांना मानाची वस्त्रं घ्यायला बोलावलं. एकही आली नाही. शेवटी राजा स्वतः साळूच्या घरी गेला.

"त्यांची समजूत घाल," तो म्हणाला. "तुझं ऐकतील त्या."

साळू उंबऱ्यातच उभी राहिली. तिनं त्याला आत बोलावलं नाही.

"काय सांगू त्यांना? गड न लढता मिळत होता, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांची माणसं लढाईनं नाही मारली, महाराज. तुमच्या हौसेनं मारली."

राजा काहीतरी बोलणार होता. साळूनं दार लावून घेतलं.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: हरलेल्याचा मान जो तुडवतो, तो आपल्याच माणसांना मरणाच्या तोंडी देतो.