हरणाबाईच्या ब्लॉगचं चूलबंद आवतण

‘मग आम्ही खायचं काय? तुझा लेख?’

द्वारकाबाईनं रिकामं ताट हरणाबाईच्या ओट्यावर आपटलं. तिच्या मागं अख्खी बोरखडी उभी होती. म्हातारी होती, कोतारी होती, कडेवरची पोरं होती. प्रत्येकाच्या हातात ताट आणि तांब्या. हरणाबाईची सोडून गावात त्या दिवशी एकही चूल पेटलेली नव्हती, आणि ती न पेटवायचं आवतण हरणाबाईच्याच दारातून गेलेलं होतं.

हरणाबाई उंबऱ्यात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आत चार माणसांपुरत्या भाकरी होत्या.

‘आवतण मी दिलेलं नाही,’ ती म्हणाली.

‘तुझ्या जावयानं दिलंय. जावई तुझा का माझा?’

द्वारकाबाई ही हरणाबाईची धाकटी जाऊ.

आता हा जावई कोण, ते ऐका.

भोळी माणसं गावोगावी असतात. कुणी भोळा शेळ्या राखतो, कुणी भोळा निवडून येतो. बोरखडीच्या वाट्याला भोळा जावई आला होता. नाव सुखदेव, सासुरवाडीत सुखदेवराव. माणूस सोन्यासारखा. दारू नाही, तंबाखू नाही, उलटून बोलणं नाही. सांगितलेलं करायचा. तेवढंच करायचा. आणि एकदा सांगितलेलं कधी विसरायचा नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा दोष.

अधिक महिना लागला तशी हरणाबाईची लेक शालन नवऱ्याला घेऊन माहेरी आली. या महिन्यात जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, वाण देतात, आणि त्यानं कितीही गाढवपणा केला तरी त्याला वेडंवाकडं बोलत नाहीत. एरवीही बोलत नाहीत, पण या महिन्यात मनातसुद्धा बोलायचं नसतं. हरणाबाईला हा नेम उपासापेक्षा जड. तिनं सरपंचाला ग्रामसभेत खोटारडा म्हटलं होतं, तेही माइक हातात घेऊन. जावयापुढं मात्र ‘बापू, जरा असं करा,’ एवढंच.

हरणाबाईनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. वाण्याकडच्या पुड्या सोडून सोडून ती वाचायला शिकली. साखर सांडली तरी चालेल, कागद फाटता कामा नये, अशी तिची शिस्त. सत्तरी गाठल्यावर तिनं जुन्या रांधपाबद्दल लिहायला घेतलं. हुलग्याची शेंगोळी, अंबाडीची भाजी, बाळंतिणीचं माडगं. शालननं त्याचा ब्लॉग करून दिला, म्हणजे कुणीही फोनवर उघडावं आणि वाचावं.

पण कुणी उघडेना.

बचत गटाच्या बैठकीत द्वारकाबाई म्हणाली, की कागदावरच्या शेंगोळ्यांनी कुणाचं पोट भरलंय? बाया हसल्या. हरणाबाईचं डोकं फिरलं. ती सगळ्यांदेखत बोलून बसली, की अधिक महिना संपायच्या आत गावानं माझं लिहिणं वाचलं नाही, तर मी पेन चुलीत घालीन. बोललेलं मागं घ्यायची तिला सवय नव्हती. आणि पेनाशिवाय जगायची सवय तर आता मोडलीच होती.

घरी मसलत झाली. पैसे देऊन जाहिरात करू का, असं शालननं विचारलं. हरणाबाई म्हणाली, पैसे देऊन पाहुणे बोलवायची आपल्यात रीत नाही. मग शालननं सांगितलं, की फेसबुक आहे, इन्स्टाग्राम आहे, व्हॉट्सअॅप आहे, यूट्यूब आहे, पण सगळीकडं नाचायचं नाही. ज्या बाया वाचतील त्या जिथं जास्त बसतात, तिथंच जाऊन बसायचं. एवढं शहाणपण सांगून ती मैत्रिणींकडं गेली. काम जावयाकडं आलं, कारण घरातला बरा फोन त्याचाच होता.

‘बाया जास्त असतील तिथं,’ सुखदेव म्हणाला. ‘कळलं, मामी.’

त्यानं फेसबुक धुंडाळलं. सगळ्यात जास्त बाया त्याला एका वधू-वर मेळाव्याच्या पानावर दिसल्या. तिथं त्यानं सासूचा नथ घातलेला फोटो टाकला आणि खाली लिहिलं: ‘हरणाबाई, बोरखडी. वय सत्तर. स्वभाव स्पष्ट. शेंगोळी उत्तम. आवडल्यास अवश्य भेट द्या.’

दोघं भेटायला आले. त्यातले एक पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते, त्यांनी येताना नारळ आणि साडी आणली होती. स्वभाव स्पष्ट असला तरी चालेल, आम्हाला जरा कमी ऐकू येतं, असं त्यांनी सांगितलं. हरणाबाईनं त्यांना चहा पाजला, नारळ परत दिला आणि वाट दाखवली. त्यांनी ब्लॉग वाचला नाही.

मग ती जावयासमोर बसली. दातांवर दात होते, शब्द मऊ होते.

‘बापू, माणसाचं तोंड, नाव, वय, असलं काही टाकायचं नसतं. नुसता जिन्नस दाखवायचा.’

‘बरं, मामी.’

नुसता जिन्नस दाखवायला इन्स्टाग्राम बरं, असं त्यानं ठरवलं. ठरवलं ते चुकीचं नव्हतं. त्यानं वाफाळत्या शेंगोळ्यांचा असा फोटो काढला की बघणाऱ्याला लसणाचा वास यावा. पंचक्रोशीतल्या बाया तुटून पडल्या. कुणाच्या हातच्या? कुठल्या गावच्या? कृती मिळेल का? सुखदेव सगळं वाचत होता आणि तोंड मिटून बसला होता. नाव टाकायचं नाही, असं सांगणं होतं.

दुसऱ्या दिवशी खाली उत्तर आलं: ‘आमच्या घरच्या.’ लिहिणारी द्वारकाबाई. मग काय, सगळ्या बायांनी द्वारकाबाईला लाल बदाम पाठवले. ती आठवडाभर ते बदाम गावाला दाखवत हिंडली.

हरणाबाई त्या दिवशी देवळात जाऊन एक घंटा जोरात वाजवून आली. मग म्हणाली:

‘बापू, असं मुकं राहू नये. चार माणसं जमलेली दिसली की तिथं नाव-पत्ता सांगून टाकायचा. घर कुठलं, दार कुठलं, आंधळ्यालाही सापडलं पाहिजे.’

‘बरं, मामी.’

आता माणसं कुठं जमतात ते तो बघत बसला. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एरवी कुणी जमत नाही. पण एका सकाळी पाटलांचे थोरले काका वारले, वय झालेलंच होतं. ग्रुपवर बातमी आली आणि खाली एकामागं एक हात जोडलेली माणसं जमली. इतकी माणसं सुखदेवला प्रथमच एका जागी सापडली होती. त्यानं घाईनं लिहिलं: ‘हरणाबाई. मारुतीच्या पाराशेजारी, निळं दार. आजच या.’

आसपासच्या गावांतली पाहुणेमंडळी निळ्या दाराशी गोळा झाली. टोप्या काढलेल्या, माना खाली. कुणीतरी बांबू टाकले, कुणीतरी मडकं आणलं. द्वारकाबाई सगळ्यात आधी रडत आली. हुंदके ऐकून हरणाबाईनं पिठाच्या हातानं दार उघडलं. गेलेली बाई दार उघडती म्हटल्यावर एक पाहुणा पायरीवरच बसला. द्वारकाबाईला खरं काय ते कळलं आणि मग ती जास्त रडली.

महिन्याचे आता दोनच दिवस राहिले होते. ब्लॉग शालननं वाचला होता, हरणाबाईनं वाचला होता, तिसरं कुणी नाही. हरणाबाईनं पेन उचलून बघितलं आणि परत फळीवर ठेवलं. आवाज आधीच्यापेक्षाही मऊ झाला होता. शालनला त्या मऊपणाची भीती वाटली.

‘बापू, लोकांच्या दुःखात आपलं पुढं करू नये. मानानं बोलवावं, रीतीनं बोलवावं. आपण कार्याला गाव बोलवतो ना, तसं. एकही घर सुटता कामा नये.’

‘बरं, मामी.’

रीत सुखदेवला पाठ होती. बोरखडीत आवतणाचे दोन प्रकार. एक घरटी एका माणसाचं. दुसरं चूलबंद. चूलबंद म्हणजे घरातल्या सगळ्यांनी यायचं, आणि त्या दिवशी घरची चूल पेटवायची नाही. यापेक्षा मोठा मान गावात नाही. एकही घर सुटायचं नाही म्हटल्यावर सुखदेवनं चूलबंदच धरलं. ग्रुपवर तर टाकलंच, पण ज्यांच्याकडं फोन नाही त्यांच्याकडं कुंकवाचा करंडा घेऊन तो दारोदार फिरला.

‘उद्या हरणाबाईच्या ब्लॉगवर शेंगोळी आहेत,’ तो सांगत गेला. ‘चूलबंद आवतण. लहानथोर सगळ्यांनी यायचं.’

ब्लॉग म्हणजे काय ते निम्म्या गावाला ठाऊक नव्हतं. नवा मांडव असेल, असं त्यांनी धरलं.

आणि म्हणून महिन्याच्या शेवटच्या दिवशी बोरखडी ताट-तांब्या घेऊन हरणाबाईच्या ओट्यासमोर उभी होती. पोरं रडायला लागली होती. चूलबंद सांगून उपाशी ठेवलं असं या गावात झालं नाही, असं म्हातारे एकमेकांना सांगत होते. द्वारकाबाईला तर बोलायला जन्माचं सापडलं होतं.

‘लिहिण्यानं गाव उपाशी पाडलंस. आता चूल पेटव, आणि बोलली होतीस तसं पेन त्यात घाल.’

सुखदेव सासूशेजारी येऊन उभा राहिला. चेहरा फुललेला. हातात अजून करंडा होता.

‘मामी,’ तो म्हणाला, ‘एकही घर सुटलं नाही.’

हरणाबाईनं त्याच्याकडं बघितलं. महिनाभर गिळलेलं सगळं घशाशी आलं. ते तिनं पुन्हा एकदा गिळलं. मग तिनं गावाकडं बघितलं. दारात अख्खं गाव, गाव भुकेलं, आणि निम्म्यांच्या खिशात फोन. ती पदर खोचून एकच वाक्य बोलली.

त्या वाक्यानं भांडण जागच्या जागी मिटलं. माणसं घरी पळाली आणि पिठाची भांडी घेऊन परत आली. देवळातली मोठी कढई आली. पोरं ओरडून वाचायला लागली, म्हातारे ऐकून पुढचं विचारायला लागले. लसूण किती, हे द्वारकाबाईला चष्मा लावून तीनदा वाचावं लागलं, तेही मोठ्यानं. गाव जेवलं, पेन फळीवरच राहिलं. आणि अधिक महिन्यात सासुरवाडीत, समोर ताट वाढलेलं असताना, रात्रीपर्यंत उपाशी बसलेला जावई म्हणून सुखदेवचं नाव पंचक्रोशीत झालं. वाक्य असं होतं:

‘ज्याला भूक असेल त्यानं फोन काढावा, शेंगोळ्यांचा लेख पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचावा, आणि घरून पसाभर हुलग्याचं पीठ आणून वळायला बसावं, आणि जावईबापू, तुमच्या पाया पडते, तुम्ही मात्र आज कशालाही हात लावू नका.’