चोरीला गेलेले दोन किलोमीटर

चेअरमन दौलतअण्णांनी हौसेनं जीपला भले थोरले टायर बसवले आणि महिन्याभरात ड्रायव्हर जालिंदरवर डिझेलचोरीचा आळ आला. डिझेल पूर्वीइतकंच लागत होतं, मीटर मात्र कमी पळाला होता.

"कबूल हो, नाहीतर फौजदाराला बोलावतो!" भर बैठकीत अण्णांनी फोनकडे हात नेला.

जालिंदर म्हणाला, "बोलवा अण्णा. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतं, मीटर बिचारा नुसते फेरे मोजतो. रस्त्यावरच्या दगडांप्रमाणे तालुका वीस किलोमीटर, मीटर म्हणतो अठरा. डिझेल मी चोरलं असेल, तर दोन किलोमीटर डांबरी रस्ताही मीच चोरलाय. फौजदारांना म्हणावं, आधी तो माझ्या घरातून हुडकून काढा!"

अण्णांचा फोनकडे गेलेला हात मुकाट्यानं मिशीवर आला.