चुटकीची सुपारी आणि खडखड मशीन

नीट बसा. बोट तोंडातून काढा. आणि मशीनने खडखड केली की तुम्हीही करा. मोठ्याने! हां, आता ऐका.

एक होती चुटकी. चुटकी म्हणजे उंदरीण. एवढीशी! अंगठ्याएवढी. राहायची बकूच्या घरात, कपडे धुवायच्या मशीनमागे.

चुटकीला आले नवे दात. दात शिवशिवायला लागले. शिव शिव! शिव शिव! चावायला हवं काहीतरी कडक.

त्या दिवशी होती खंडेनवमी. दसऱ्याचा आदला दिवस. हत्यारांच्या पूजेचा दिवस. बाबांनी पाटावर पान्हा ठेवला. कात्री ठेवली. कुंकू लावलं. पान्ह्याला झेंडूचा हार घातला. मशीनलाही कुंकू लावलं. आणि बकूने मशीनच्या झाकणावर ठेवली एक सुपारी. टक!

"चुटके," बकू म्हणाली, "पूजा झाली की ही सुपारी तुझी."

"माझी?"

"तुझी!"

पूजा झाली. आई आली कपडे घेऊन. आईने झाकण उचललं. सुपारी घरंगळली. गड गड गड... डुब्! मशीनच्या पोटात!

आईला दिसलंच नाही. चुटकीला दिसलं.

झाकण बंद. बटण चालू.

खडाड खुडुड! खडाड खुडुड!

"मशीनबाई, मशीनबाई, थांब!" चुटकी ओरडली. "माझी सुपारी दे!"

"मी नाही थांबत," मशीन म्हणाली. "आजच माझी पूजा, आणि आजच मला जुंपलं! आई बटण दाबेल, तेव्हा थांबेन. खडाड खुडुड!"

चुटकीने शेपटी आपटली. फट्! "माझी म्हणजे माझी! मी घेणारच!"

तुरुतुरु तुरुतुरु, चुटकी गेली आईकडे. आई श्रीखंडाचा चक्का फेटत होती.

"बकूची आई, बटण दाबा!
मशीन थांबेना,
माझी सुपारी मला मिळेना!"

"मी नाही दाबत," आई म्हणाली. "उद्या दसरा. बकूचा परकर धुवायचाय. मशीन का खडखडते ते बाबा बघतील, तेव्हा दाबीन."

फट्! "माझी म्हणजे माझी! मी घेणारच!"

तुरुतुरु तुरुतुरु, चुटकी गेली बाबांकडे. बाबा स्टुलावर चढून तोरण बांधत होते.

"बकूचे बाबा, बघा ना!
आई दाबेना,
मशीन थांबेना,
माझी सुपारी मला मिळेना!"

"मी नाही बघत," बाबा म्हणाले. "बघायचं काय त्यात? पाय लंगडा झाला असणार तिचा. पान्हा उठेल, तेव्हा बघीन."

"न बघताच कळलं?" चुटकी म्हणाली. "वा रे वा!"

फट्! "माझी म्हणजे माझी! मी घेणारच!"

तुरुतुरु तुरुतुरु, चुटकी गेली पान्ह्याकडे. पान्हा पाटावर आडवा. गळ्यात हार. घुर्रर्र घुर्रर्र!

"पान्हेदादा, ऊठ की!
बाबा बघेना,
आई दाबेना,
मशीन थांबेना,
माझी सुपारी मला मिळेना!"

"मी नाही उठत," पान्हा म्हणाला. "आज हत्यारांना सुट्टी. गळ्यातला हार उतरेल, तेव्हा उठेन. घुर्रर्र!"

फट्! "माझी म्हणजे माझी! मी घेणारच!"

चुटकी चढली हारावर.

"हारोबा, उतर खाली!
पान्हा उठेना,
बाबा बघेना,
आई दाबेना,
मशीन थांबेना,
माझी सुपारी मला मिळेना!"

"मी नाही उतरत," हार म्हणाला. "किती छान दिसतोय मी! दोरा तुटेल, तेव्हा उतरेन."

फट्! "माझी म्हणजे माझी! मी घेणारच!"

चुटकीने धरला दोरा.

"दोरोबा, तूट बघू!
हार उतरेना,
पान्हा उठेना,
बाबा बघेना,
आई दाबेना,
मशीन थांबेना,
माझी सुपारी मला मिळेना!"

"मी नाही तुटत," दोरा म्हणाला. "कात्री कापेल, तेव्हा तुटेन."

फट्! "माझी म्हणजे माझी! मी घेणारच!"

चुटकी गेली कात्रीकडे. कात्री पाटावर ऐटीत. कपाळावर कुंकू.

"कात्रीबाई, काप ना!
दोरा तुटेना,
हार उतरेना,
पान्हा उठेना,
बाबा बघेना,
आई दाबेना,
मशीन थांबेना,
माझी सुपारी मला मिळेना!"

"मी नाही कापत," कात्री म्हणाली. "कुंकू दिसत नाही का? आज मलाही सुट्टी. जा गं, एवढीशी तू! तुझ्याकडे ना पान्हा, ना कात्री. तू काय करणार?"

चुटकी उभी राहिली. दोन पायांवर. शेपटी ताठ. मिशा ताठ.

"मी काय करणार? हे बघ! हे माझे दात! यांना कुणी कुंकू लावलं नाही. यांना कुणी हार घातला नाही. म्हणून यांना सुट्टीही नाही!"

आणि चुटकीने दोरा धरला दातांत.

कुर्र कुर्र! कुर्र कुर्र! कट्!

दोरा तुटला.
हार उतरला.
पान्हा उठला.
बाबा आले बघायला.
आईने बटण दाबलं.
मशीन थांबली.

खडाड... खुडु... ड.

घर एकदम गप्प.

बाबा वाकले. "पाय लंगडा झालाय."

"पाय बरा आहे!" चुटकी म्हणाली.

"मग आतला पट्टा सैल झालाय."

"पट्टाही बरा आहे! बकूचे बाबा, आधी पोटात बघा! पोटात!"

बाबांनी झाकण उघडलं. हात घातला. परकर काढला. टॉवेल काढला. बाबांचा एक मोजा काढला. दुसरा मोजा काढला. आणि तळाशी काय?

सुपारी!

"अगं बाई!" आई म्हणाली. "झाकण तर मीच उचललं!"

"मग मला उठवलं कशाला?" पान्हा म्हणाला आणि परत पाटावर आडवा झाला. घुर्रर्र घुर्रर्र!

कपडे आत. झाकण बंद. बटण चालू. आता कसा आवाज?

घूं घूं घूं. घूं घूं घूं.

"हुश्श!" मशीन म्हणाली. "किती टोचत होतं पोटात!"

बकूने सुपारी नळाखाली धुतली. चुटकीच्या हातात दिली. चुटकीने ती दोन्ही हातांनी कवटाळली. सुपारी मोठी, चुटकी छोटी!

मग बकूने आणलं कुंकू.

"चुटके, आ कर. तुझ्या दातांची पूजा करू."

चुटकीने तोंड घट्ट मिटलं. मान हलवली.

"मुळीच नाही! पूजा केलीस की यांनाही सुट्टी. मग माझी सुपारी कोण चावणार?"

आणि चुटकी गेली मशीनमागे.

कुर्रम कुर्रम! कुर्रम कुर्रम!

सुपारी गेली चुटकीच्या गालात,
गोष्ट गेली तुमच्या कानात.