घाटात रुसणारी गाडी

एकदा एका अत्तरविक्याची गाडी रुसली. गाडी जुनी, वडिलांच्या वेळची. गावातल्या गावात ती शहाण्यासारखी चालायची. घाटाला लागली, की अर्ध्या चढावर दोन आचके द्यायची आणि मुकाट उभी राहायची. बराच वेळ सावलीत विसावा दिला, की पुन्हा सुरू, जणू काही घडलंच नव्हतं. अत्तरविक्याचं पोट घाटापलीकडच्या बाजारांवर होतं, आणि बाजार कुणासाठी सावलीत थांबत नाही.

शेवटी तो ती गाडी एका वृद्ध उस्तादाच्या गॅरेजात घेऊन आला. येत्या दसऱ्याला गॅरेजच्या किल्ल्या आपल्या चेल्याच्या हाती द्यायच्या, असं उस्तादाने नुकतंच ठरवलं होतं. चेला तिशी ओलांडलेला, घरसंसार असलेला, हाताचा कुशल. ही गाडी आपणच बरी करणार, असं म्हणून तो पुढे सरसावला. अत्तरवाला काही सांगू लागला, "मिस्त्री, त्याचं असं झालं, की गेल्या वर्षी मी..."

"शेठ, तुम्ही अत्तराचं बघा, गाडीचं मी बघतो," चेला म्हणाला, आणि त्याने बॉनेट उघडलं.

इंजिनापर्यंत पेट्रोल पोचत नाही, एवढं त्याने अचूक ओळखलं. त्याने कार्बोरेटर खोलून धुतला. गाडी गॅरेजात झोकात चालली आणि घाटात बंद पडली. मग फिल्टर बदलला. मग पेट्रोलचा पंप बदलला, नळी फुंकून साफ केली. दर वेळी गॅरेजात इंजिन कसं सुरेल गुणगुणायचं, आणि दर वेळी त्याच चढावर मान टाकायचं. अत्तरवाल्याने अखेर हात टेकले. "मिस्त्री, वडिलांची आठवण आहे, पण आता भंगारात देतो," तो म्हणाला.

चेल्याला ते फार लागलं. भर गॅरेजात, सगळ्यांच्या देखत तो बोलून गेला, "शेठ, उद्या ही गाडी घाटात थांबली, तर मी पुन्हा हातात पाना धरणार नाही!" शब्द तोंडातून गेला आणि मग त्याच्या ध्यानात आलं. पाना धरायचा नाही, तर खायचं काय? उस्ताद कोपऱ्यात चहा पीत होता. तो एवढंच म्हणाला, "उद्या मीही येतो."

दुसऱ्या दिवशी तिघे निघाले. अर्धा घाट चढला आणि गाडीने दोन आचके दिले. ती थांबली. चेल्याची पाचावर धारण बसली. तो धावत जाऊन बॉनेट उघडू लागला. उस्ताद मात्र सावकाश उतरून गाडीच्या मागच्या अंगाला गेला. त्याने टाकीला कान लावला आणि झाकण हळूच फिरवलं. सूंऽऽ असा लांब आवाज झाला.

"आता चालू कर," तो म्हणाला. गाडी चालू झाली! उस्तादाने झाकण पुन्हा घट्ट बसवलं आणि तो निवांत मागे जाऊन बसला. थोडं वर गेल्यावर गाडी परत थांबली. पुन्हा तोच आवाज, पुन्हा गाडी चालू. चेला आता स्वतःची भीतीसुद्धा विसरला. हा म्हातारा टाकीच्या कानात कोणता मंत्र सांगतो आहे, याचंच त्याला कुतूहल वाटू लागलं. तिसऱ्या वेळी उस्तादाने झाकण खिशात टाकलं, टाकीच्या तोंडावर एक स्वच्छ फडकं सैलसर बांधलं, आणि गाडी न थांबता थेट माथ्यावर पोचली.

माथ्यावर उस्तादाने झाकण चेल्याच्या हातात दिलं. "उलटं करून बघ."

आतून रबराची एक गोल चकती चिकटवलेली होती.

"ती माझीच करामत," अत्तरवाला ओशाळून म्हणाला. "अत्तराला पेट्रोलचा वास येतो, अशी गिऱ्हाइकं तक्रार करायची. म्हणून ट्यूबचं रबर कापून लावलं. पहिल्या दिवशी तेच तर सांगत होतो."

उस्ताद दगडावर टेकला. "अरे, टाकीतून जेवढं पेट्रोल बाहेर जातं, तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीकसं भोक असतं. ते बुजलं, की भरलेली टाकीसुद्धा थेंब सोडत नाही. गॅरेजात तू दर वेळी नळी सोडवायचास, हवा आत जायची, म्हणून तिथे दुखणं दिसेना. तू बाहेर जाणारी वाट कणाकणाने तपासलीस. आत येणारी वाट बघितलीच नाहीस. पूर्वी तू प्रश्न विचारून माझं डोकं खायचास. किल्ल्यांची गोष्ट निघाली आणि तुझं विचारणं बंद झालं. तुझी टाकी भरलेली आहे, मीच भरली आहे. पण नुसतं सांगत राहिलास, तर चढावर अडशील."

चेल्याचा चेहरा उतरला. त्याने खिशातला पाना काढून उस्तादाच्या पायाशी ठेवला. "गाडी थांबली, उस्ताद. मी शब्द दिला होता."

"मला न विचारता दिला होतास. तो मी मानत नाही."

मग कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच चेल्याने उस्तादाला एक प्रश्न विचारला.

"उस्ताद, पाना धरू?"

"धर. पण आधी ते रबर काढ."

चेल्याने रबर काढलं, भोक मोकळं केलं आणि झाकण जागेवर बसवलं. मग तो अत्तरवाल्याकडे वळला. "शेठ, पण मग वासाचं काय करायचं? तुमच्या मनात काही आहे का?"

अत्तरवाला बोलू लागला. घाट उतरेपर्यंत तो थांबला नाही, आणि गाडीही थांबली नाही.