गादीखालच्या पिसवा

पूर्वी कुसुमावती नगरीत विजितसेन राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व राजवाड्यात एका पांढऱ्या कुत्रीच्या पोटी जन्मला होता. त्याचे नाव शंखक. दरबार भरला की तो आणि त्याचे चार सोबती सिंहासनाच्या पायाशी बसत. निवाडा संपेपर्यंत त्यांचा कानही हलत नसे. म्हणूनच एका सकाळी शंखकाने भर दरबारात मान वळवून शेपटीचे मूळ चावले, तेव्हा त्यांना सांभाळणाऱ्या उत्तरिका घाबरली.

तिला घाबरायला तसे फार काही लागत नसे. पळी पडली तरी ती दचके. स्वयंपाकघरातल्या बायका तिला नावाने न बोलावता 'सशाचे काळीज' म्हणत. पण त्या दिवशी तिने शंखकाच्या केसांतून फणी फिरवली, निघालेली काळी भुकटी ओल्या फडक्यावर झटकली, आणि फडके तांबडे झाले. पिसवांनी पिऊन टाकलेले ते रक्त होते.

तिने पाचही कुत्र्यांना कडुनिंबाच्या पाण्याने न्हाऊ घातले, करंजेल चोळले, त्यांच्या खाली अंथरलेले गवत जाळले. आपल्या खोलीत कुत्री शांत निजत. दरबारातून परतली की पुन्हा अंग ओरबाडत. केस गळले, पाठीवर चट्टे उठले, चट्टे चिघळले. शेवटी तिने सिंहासनापाशी एक पांढरे फडके अंथरून पाहिले. पिसवा गादीखालून टणाटण उड्या मारत येत होत्या.

राज्याभिषेकाला घातलेली गादी राजा हयात असेतो उचलायची नाही, गादी हलली की राज्य हलते, असा त्या घराण्याचा नेम होता. बारा वर्षे तिच्याखाली केरसुणी गेली नव्हती. अमात्य उपरण्याआड खाजवीत आणि चेहरे गंभीर ठेवीत. ठाऊक सगळ्यांना होते. बोलायचे मात्र कोणी नाही.

वाड्याचा कारभार सोमिल कंचुकीकडे होता. उत्तरिकेने त्याला गाठून सांगितले, की गादी उन्हात टाकायला हवी. तो आधी हसला, मग त्याचा आवाज खाली आला.

"कोणाची गादी उन्हात टाकतेस, पोरी? महाराजांची? बाहेर बोललीस तर सुळावर जाशील. गादीला पिसवा होत नसतात. कुत्र्यांना होतात."

त्याच दुपारी राजाच्या नावाने हुकूम निघाला, की रोग पसरवणारी पाचही कुत्री पोत्यात घालून नदीत सोडावीत.

उत्तरिकेला रडू आले नाही, संताप आला. घाण गादीची, मौन दरबाऱ्यांचे, आणि मरायचे मुक्या जिवांनी! तिने शंखकाचा दोर कापला आणि त्याला पळ म्हणाली. तेव्हा बोधिसत्त्व माणसाच्या वाणीने बोलला.

"मी पळालो तर लोक म्हणतील, रोग पळाला. या चौघांना बुडवतील, आणि राजा त्याच गादीवर खाजवत बसेल. मला त्याचीही कीव येते. तू त्याला हाक मार."

"मला भीती वाटते."

"मग भीतभीत मार."

ती राजाच्या महालापुढच्या चौकात उभी राहिली. "महाराज, पिसवा गादीत आहेत," ती ओरडली. पहारेकरी हसले. तिने पुन्हा हाक मारली. सोमिलाने दार लावून घ्यायला सांगितले. तिसऱ्या हाकेला तिचा आवाज चिरकला, तरी ती थांबली नाही.

तेव्हा आतून राजाने ओ दिली.

"कोण आहे ते? आत ये, मुली. मला वाटत होते, मला एकट्यालाच चावतात. सोमिल, गादी उचल. कुत्र्यांना कोणी हात लावायचा नाही."

भिक्षूंना एवढी कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "तो राजा म्हणजे आजचा आपला भिक्षू सुमेध. उत्तरिका म्हणजे ही दारापाशी बसलेली भिक्षुणी सुव्रता. शंखक मीच होतो. कंचुकी कोण होता ते मी सांगत नाही. त्याला ते ठाऊक आहे." तीन भिक्षूंनी माना खाली घातल्या.

ज्याच्या नावाने आपल्याला बुडवायचा हुकूम निघाला, त्याच्याही खाजेची कीव येणे, या गुणाला करुणा म्हणतात.